बाविसाचा पाढा

जुलै महिन्यात दुबईत मुलांना घेऊन कुठे जायचं, या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते वातानुकूलित आहे. बाहेर पारा पंचेचाळीस अंशांना टेकलेला. उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांना तिथलं सरकार १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती देतं. एका खोलीत दोन मुलं सांभाळणाऱ्या बाईचा विचार त्या कायद्यात झालेला नाही. भारतीय शाळा जुलै-ऑगस्टात बंद. आम्ही गेलो २०२३ च्या जूनअखेर, म्हणजे शाळेत नाव घातलं आणि शाळेलाच सुट्टी लागली. इकडे सावंतवाडीत पाऊस धो धो लागलेला आणि तिकडे धाकटा बाबू खिडकीच्या काचेला नाक लावून विचारतोय, "आई, हय पाऊस कधी पडता?"

सावंतवाडीत मुलं कंटाळली की मोती तलावाला एक फेरी, हा आमच्या घरचा शिरस्ता. त्या फेरीला पैसे पडत नाहीत. वाटेत पाच ओळखीचे भेटतात, पोरांचे गाल ओढतात, "खंय चललंस?" विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. केशवसुत कट्ट्यावर टेकलं की दहा रुपयांच्या शेंगदाण्यांत संध्याकाळ निभते. दुबईत आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "अहो, इथे फिरायला कुठे जातात?"

"मॉलला. फिरायला काय पैसे पडतात?"

नवरा एका कंपनीत अकाउंट्स बघतो. पै-पैचा हिशेब लागल्याशिवाय झोपत नाही. अशा माणसाने आयुष्यात केलेला सर्वांत चुकीचा हिशेब तो हाच.

मॉल हा प्रकार आम्ही अगदीच पाहिला नव्हता असं नाही. पणजी-पर्वरीकडे जाऊन आलो होतो. पण तिथे माणूस एक आइस्क्रीम खातो, कारंज्यापुढे फोटो काढतो आणि कदंबाच्या बसने घरी येतो. आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी मॉलमध्येच काढायच्या, तेही काही विकत न घेता, याला वेगळी तयारी लागते. ती माझ्याकडे नव्हती. माझ्याकडे होती ती सावंतवाडीच्या एका कापडदुकानाची मोठी पिशवी. तिच्यात पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, एक जादा चड्डी आणि सासूबाईंनी बांधून दिलेले मालवणी खडखडे लाडू.

त्या लाडवांनी पहिल्याच दिवशी घात केला. आम्ही राहायचो अल कुसैसला. तिथून मेट्रोने युनियनला जायचं आणि गाडी बदलायची. ही मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला, रात्री नऊ वाजून नऊ मिनिटं नऊ सेकंदांनी सुरू झाली, आणि तिला चालक नाही. बायका-मुलांचा डबा निराळा, गुलाबी पाटी लावलेला. त्यात शिरल्यावर मला फार बरं वाटलं. सीट मिळाली, एसी होता. आणि समोरच्या पाटीवर लिहिलेलं होतं की गाडीत खाल्लं-प्यालं तर शंभर दिरहम दंड. एक दिरहम तेव्हा बावीस रुपयांच्या थोडा वर होता. शंभर बावीस, बावीसशे. मी पाटी वाचून मान वळवली तर बाबूचा डावा गाल टम्म फुगलेला.

खडखडा लाडू ज्यांनी खाल्ला आहे त्यांना अडचण कळेल. तो विरघळत नाही. तो फोडावा लागतो, आणि फोडताना जो आवाज होतो तो जत्रेत खपून जातो, मेट्रोत नाही.

"चावू नको!" मी कुजबुजले.

तो डोळ्यांनी म्हणाला, मग काय करू?

"गिळूही नको. तसाच धर."

युनियन येईपर्यंत तो पोरगा गालात बावीसशे रुपये धरून बसला होता. शेजारच्या फिलिपिनो बाईने कळवळून आपल्या गालाला हात लावत मला विचारलं, "टूथ?" मी म्हटलं, "येस, येस, व्हेरी पेन." तिने पर्समधून डेंटिस्टचं कार्ड काढून दिलं. मी ते घेतलं. थोरली, जिला आम्ही बाय म्हणतो आणि जी तेव्हा चौथीत होती, ती खिडकीकडे तोंड करून बसली. या बाईला मी ओळखत नाही, असं तिने त्या दिवसापासून जे धोरण धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

पहिला मॉल अर्थातच दुबई मॉल. स्टेशनपासून मॉलपर्यंत काचेचा बंद पूल आहे, आठशे मीटरांहून लांब. त्यात चालते पट्टे बसवलेत, आपण नुसतं उभं राहायचं. मला ते जमेना. उभं राहून पुढे जायचं म्हणजे कुणाच्या तरी उपकारात गेल्यासारखं वाटतं. मी पट्ट्यावरही चालत राहिले, शेवटाला पट्टा संपला, माझा वेग संपला नाही, आणि मी एका गृहस्थाच्या ट्रॉलीबॅगेवर जाऊन बसले. गृहस्थ सभ्य होता. म्हणाला, "वेलकम टू दुबई."

२००८ च्या नोव्हेंबरात उघडलेल्या या मॉलात बाराशेच्या वर दुकानं आहेत. ऑलिम्पिकच्या मापाचं बर्फाचं मैदान आहे. आणि एक कोटी लिटर पाण्याचं मत्स्यालय आहे, ज्याची पुढची काच मॉलच्या वाटेवरूनच दिसते. आत शिरायला तिकीट. बाहेर उभं राहून बघायला पैसे नाहीत. ही जागा आम्ही तात्काळ हेरली आणि काचेपुढे ठिय्या मारला. जगभरची माणसं तिथे "शार्क! शार्क!" करत फोटो काढत होती. एवढ्यात बाबू सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "आई, मोरी! केदी मोठी मोरी!"

पोराचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे मोरी दिसते ती बाजारात, कापलेली, आणि पुढे कढईत. जिवंत मोरी तोंडापुढून जाताना बघून माझ्याही मनात पहिला विचार आला तो मोरीच्या मटणाचाच, हे मी लपवत नाही. त्या काचेपुढे भक्तिभावाने उभ्या असलेल्या शंभरेक माणसांत वाटपाला खोबरं किती लागेल याचा अंदाज बांधणारी मी एकटीच असेन. मग मी बोटीमवरून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. तिथे व्हॉट्सॅपवरून मेसेज जातात, पण बोलता येत नाही. आखातात माणूस असलेल्या घरांतून बोटीम असतंच. आईंनी चष्मा चढवून पडद्यावर मोरी बघितली, पाकट बघितलं, आणि पहिला प्रश्न टाकला, "कितक्याक दितत?"

"विकायला नाहीत ओ आई. बघायला ठेवलेत."

"नुसते बघूक?" आईंचा आवाज चढला. "आणि मगे खातत काय ते लोक?"

फोन स्पीकरवर होता. पुढचे दोन मराठी जण वळून हसले. एकजण कणकवलीचा निघाला. दुबई मॉलमधल्या आमच्या फेरीत तेवढं एक "खंय असता?" वाट्याला आलं आणि मला फार बरं वाटलं.

पण मासे किती वेळ बघणार? मुलं पुढे सरकली की दुकानं लागतात आणि दुकानं लागली की किमती. नवखा माणूस परदेशात किंमत वाचत नाही, तो गुणाकार वाचतो. चौदा दिरहमचं आइस्क्रीम? तीनशे आठ रुपये. पस्तीसची टोपी? सातशे सत्तर. बायला दोन आठवड्यांत बाविसाचा पाढा तोंडपाठ झाला. तिच्या शाळेने वीसपर्यंतच पाठ करायला सांगितले होते. मी तर बोटांवर आधीच पोचलेली असायचे, आणि आकडा निघाला की मोठ्याने "आवशीक खाव!" म्हणायचे. बाय म्हणायची, "आई, इथे हळू बोल." मी हळू "आवशीक खाव" म्हणायचे.

काही विकत न घेता मुलांना तीन-चार तास मॉलमध्ये रमवायचं, तर थोडं खोटं बोलावं लागतं. ते काम मी मन लावून केलं. खजुराच्या दुकानात पुढे चव बघायला ताटली ठेवलेली असते. मी मुलांना सांगितलं की हा इथला प्रसाद आहे, एक घ्यायचा आणि पुढे व्हायचं. बाबूने तीन वेळा रांगेत लागून तीन वेळा प्रसाद घेतला आणि चौथ्या वेळी दुकानातल्या पोऱ्याच्या पाया पडला. अत्तराच्या दुकानात विक्रेते मनगटावर फवारतात. मी दोन्ही हातांवर ऊद, केशर, कस्तुरी अशी सगळी व्हरायटी घेऊन बाहेर पडले. लिफ्टमध्ये आम्ही शिरलो की बाकीचे लोक पुढच्या लिफ्टची वाट बघायला थांबत.

पण माझं सर्वांत यशस्वी खोटं होतं गाडीचं. खेळण्यांच्या कोपऱ्यात छोट्या मुलांनी बसायच्या गाड्या असतात, कार्ड लावलं की हलतात. मी बाबूला पहिल्याच दिवशी सांगितलं, "ही गाडी अशीच असते. बसायचं, स्टिअरिंग फिरवायचं, तोंडाने आवाज काढायचा." पोराने विश्वास ठेवला. लाल गाडीत बसून तो तोंडाने गिअर टाकत आंबोली घाट चढायचा, उतरायचा, वळणावर हॉर्न द्यायचा. अर्धा अर्धा तास. मी समोरच्या बाकावर बसून पाय चोळत असायचे. आठवडाभर हे सुख टिकलं. मग एका शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या पिवळ्या गाडीत एक अरब मुलगा येऊन बसला. त्याच्या वडिलांनी कार्ड लावलं. गाडी पुढेमागे डुलायला लागली, दिवे लागले, गाणं सुरू झालं. वडील मोठ्या मनाचे. बाबूकडे बघून हसले आणि त्याच्या गाडीलाही कार्ड लावून दिलं.

बाबूच्या चेहऱ्यावर आनंद दिसला तो फार तर क्षणभर. मग त्याने स्टिअरिंग सोडलं, मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. एखादा पुराव्याचा कागद हाती लागलेला वकील साक्षीदाराकडे बघतो, तसं. गाडी डुलत होती, गाणं चालू होतं, पोरगा हलत होता आणि नजर मात्र हलत नव्हती. गाणं संपल्यावर तो खाली उतरला आणि शांतपणे म्हणाला, "आई, आता दुसरं काय काय खोटं आहे ते सांग."

प्रसादाचंही सांगावं लागलं.

अशा बाक्या प्रसंगातून सुटायला मी त्यांना मॉल ऑफ द एमिरेट्सला नेलं. २००५ साली उघडलेल्या या मॉलात स्की दुबई आहे. वाळवंटात साडेबावीस हजार चौरस मीटर बर्फ, उणे एक-दोन अंश तापमान, आणि पेंग्विन. इथेही एक मोठी काच आहे, जिच्या अलीकडे उभं राहून पलीकडचं बर्फ बघता येतं, आणि इथेही आम्ही काचेच्या अलीकडचेच. मुलं बघत राहिली. थोड्या वेळाने बघते तर दोघांचे दात वाजतायत. काचेचा दोष नव्हता. बाहेरच्या उकाड्यात घामाने भिजलेले सुती कपडे आणि आतला एसी, त्यात मुलं अर्धा तास गारठली होती. आणि मी, जिने सामान बांधताना "दुबईला कशाला हवेत" म्हणून तीन स्वेटर सावंतवाडीच्या कपाटात परत ठेवले होते, ती टॉवेलाचे दोन तुकडे कसे करायचे याचा विचार करत उभी.

शेवटी घेतले. दोन मुलांचे, एक माझा. दुबईतली आमची पहिली खरेदी. त्या रात्री बोटीमवर आईंनी मोठ्या आशेने विचारलं, "काय गो, सोना घेतलंस?"

"नाही आई. स्वेटर."

बराच वेळ पलीकडून फक्त पावसाचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "सोन्याच्या गावाक जावन स्वेटर? तो आंबोलीकय गावलो असतो!"

त्यानंतरच्या प्रकरणाला माझं माहेर जबाबदार आहे. माझं माहेर सावंतवाडीत चितारआळीच्या तोंडाशी. लहानपणी शाळेतून येताना रस्त्याच्या कडेला पाटांवर रंग वाळायला मांडलेली लाकडी केळी, वांगी, आंबे, कलिंगडाच्या फोडी रोज दिसायच्या. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर हातांनी भरलेला रंग. लाकडी फळं-भाज्यांचा संच रुखवतात ठेवतात, पाहुण्यांना देतात, आमच्या घरात तर चुकून खऱ्या टोपलीत एक लाकडी लिंबू गेलं होतं आणि काकीने ते सुरीने कापायचा प्रयत्नही केला होता. तर एका मोठ्या मॉलात, नाव लिहीत नाही, खेळण्यांच्या दुकानात बायने एक खोका उचलून दाखवला. आत लाकडी गाजर, लाकडी टोमॅटो, लाकडी वांगं, मधोमध कापून वेल्क्रोने चिकटवलेलं, आणि एक लाकडी सुरी. एकशे एकोणतीस दिरहम.

"दोन हजार आठशे अडतीस," बाय म्हणाली.

मला हसू आवरेना. मी तिथेच, खोका छातीशी धरून, पोट धरून हसले. एक विक्रेता धावत आला. "मॅडम, ये हँडमेड है."

आता चितारआळीच्या तोंडाशी वाढलेल्या बाईला लाकडी वांगं हँडमेड आहे म्हणून सांगायचं? मी त्याला लाकूड कोणतं विचारलं. त्याला सांगता येईना. मी रंगावर नख घासून बघितलं, वांगं कानाशी धरून टकटक केलं, देठ वेगळा बसवलाय की एकसंध आहे ते तपासलं, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत पांगारा, खराद, लाख, रोगण यांवर भाषण दिलं. देठाबद्दल तर मी फारच कडक बोलले. त्याचे डोळे विस्फारले. "मॅडम, आपका ये बिझनेस है? आप सप्लाय करते हैं?"

इथे मला "नाही" म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण महिनाभर त्या शहरात मला कुणीच कोणी समजत नव्हतं. मेट्रोत मी दात दुखणाऱ्या पोराची आई होते, खजुराच्या दुकानात फुकट खाणारी. एक माणूस मला व्यापारी समजतोय म्हटल्यावर तोंडातून निघालं, "हां. सावंतवाडीसे."

त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने खुर्ची दिली. मुलांना फुगे दिले. मग विचारायला लागला: कमीत कमी किती संचांची ऑर्डर घेता, कंटेनर कोणत्या बंदरातून निघतो, रंग मुलांनी तोंडात घातला तर चालतो याचं प्रमाणपत्र आहे का. मी म्हटलं, "सब है." बंदर विचारल्यावर मी वेंगुर्ला सांगितलं. बाय फुग्याआड तोंड लपवून बसली होती. कार्ड मागितलं तेव्हा मी पर्स उघडली. आत एकच कार्ड होतं, डेंटिस्टचं. शेवटी मी नवऱ्याचा नंबर दिला. "हमारे अकाउंट्स वही देखते हैं." यात मात्र तिळमात्र खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याचा ऑफिसातून फोन. आवाज फार संथ. "अगो, आपण लाकडी वांग्यांचे निर्यातदार कधीपासून झालो?"

त्या मॉलच्या त्या मजल्यावर आम्ही पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

मी हरवले ती दुसऱ्याच मॉलमध्ये. मुलं हरवली असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते, पण घरात साक्षीदार दोन असल्यामुळे ती आवृत्ती टिकली नाही. त्याआधी थोडं ज्ञान पाजळते. वरून बंद, आतून एकाच तापमानाचा असा मॉल पहिल्यांदा बांधला व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नात जन्मलेल्या वास्तुरचनाकाराने. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, १९५६ साली, साउथडेल सेंटर नावाचा. तिथे थंडी मरणाची. माणसांना आत फिरता यावं, भेटता यावं, आपल्या व्हिएन्नातल्या चौकांसारखं काहीतरी व्हावं, असं त्याच्या मनात होतं. प्रत्यक्षात दुकानंच दुकानं झाली आणि म्हातारपणी तो स्वतःच मॉलना नावं ठेवायचा. आत शिरलेला माणूस झगमगाटात भांबावतो, कशाला आलो ते विसरतो आणि भटकत खरेदी करत सुटतो, या अवस्थेला अभ्यासकांनी त्याचंच नाव दिलं आहे. माझी अवस्था याच्याही पुढची होती. मी खरेदी न करताच भटकत होते.

झालं असं की मुलांना एका पुस्तकांच्या दुकानात बसवून मी "इथेच बसा, हलू नका" असं बजावून स्वच्छतागृह शोधायला गेले. गेले ती पाटीच्या बाणामागून. परत येताना बाण उलट्या दिशेने कुणी लावलेले नसतात. खिडकी नाही, घड्याळ नाही, दिवस की रात्र कळत नाही. एक कारंजं दिसलं, ते ओळखीचं वाटलं. पुढे गेले तर तसंच दुसरं. सावंतवाडीत कुठेही चुकलं तर "राजवाडा खंय?" विचारलं की पुरे. इथे मी एका सुरक्षारक्षकाला विचारलं, "बुक शॉप?" तो मल्याळी. फार सभ्यपणे त्याने मला फूड कोर्टात पोचवलं. मी सरकत्या जिन्याने वर गेले, खाली आले, पुन्हा वर. सरकत्या जिन्यावर पाय टाकताना मी नेहमी मनात "बा देवा उपरलकरा" म्हणते. त्या दिवशी देवालाही किती वेळा उठवलं असेल. तोवर छातीत धडधड सुरू झालेली. दोन मुलं, परका देश, आणि मोबाइलची बॅटरी व्हिडिओ कॉलवर संपलेली.

रडत रडत मदतकक्षावर पोचले. "माय चिल्ड्रन... लॉस्ट..." एवढंच जेमतेम म्हणाले तोच काउंटरच्या पलीकडून एक ओळखीचा आवाज आला, "हीच ती."

दोघं आत उंच खुर्च्यांवर बसली होती. हातात लॉलीपॉप. बाबूचे पाय हवेत झुलत होते. समोर एक कागद होता आणि काउंटरवरच्या मुलीने त्यावर बायच्या सांगण्यावरून नोंद केली होती. मी वाचली. हरवलेली व्यक्ती: आई. पंजाबी ड्रेस, हिरवा. हातात मोठी पिशवी. स्वेटर कमरेला बांधलेला. इंग्रजी थोडं येतं. शेवटी एक ओळ होती, ती वाचायला मला चष्मा लागला नाही: घाबरल्यास मोठ्याने बोलते.

"आम्ही तुला हलू नको म्हटलं नव्हतं का?" बाबू म्हणाला.

सही माझ्याकडून घेतली नाही. मला मुलांच्या ताब्यात दिलं गेलं, आणि बायने नाव लिहून मला सोडवून घेतलं.

यानंतर नवरा म्हणाला, आता एकटी जाऊ नकोस, मीच येतो. त्याने नेलं इब्न बतूता मॉलला. हा मॉलही २००५ चाच. चौदाव्या शतकातला तो प्रवासी जिथे जिथे गेला त्या देशांच्या नावांनी दालनं केलीत: अंदालुसिया, ट्युनिशिया, इजिप्त, पर्शिया, हिंदुस्थान, चीन. हिंदुस्थानच्या दालनात अल-जझारीच्या हत्ती-घड्याळाची भलीमोठी प्रतिकृती आहे. इब्न बतूता १३४० च्या दशकात गोव्यापर्यंत आला होता, म्हणजे बांद्याच्या अगदी दारात. मलबार किनाऱ्यालगतच्या समुद्रात त्याला चाच्यांनी गाठलं आणि अंगावरची विजार तेवढी ठेवून सगळं लुटलं, असं त्यानेच नोंदवून ठेवलंय. मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. नवऱ्याने त्या दिवशी मुलांना घेऊन जेवण, दोन आइस्क्रीम, तीन खेळ आणि एक टोपी एवढं केलं, आणि बाहेर पडताना खिशातली पावती काढून बघत उभा राहिला. एक किलोमीटरच्या वर लांब मॉल. परत स्टेशनपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. हिशेबाच्या वहीत त्याने "फिरणे" या नावाचं खातं उघडलं ते त्याच रात्री.

समर सरप्राइजेस या तिथल्या उन्हाळी खरेदी-महोत्सवाच्या दिवसांत तर दोनशे दिरहमच्या खरेदीवर एक कुपन आणि कुपनावर मोटार अशी योजना होती. आम्ही स्वेटरांवर मिळालेलं कुपन भरलं. मोटार लागली तर पार्किंगचं भाडं कोण देणार, या प्रश्नावर आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. लागली नाही.

नोव्हेंबर उजाडला आणि हवा सुधारली. मग कळलं की दुबईत बागा आहेत, समुद्रकिनारा आहे, खाडीत एका दिरहममध्ये अब्रा नावाच्या होडीने पलीकडे जाता येतं. मुलं अब्र्यात बसली तेव्हा बाबूने नावाड्याला विचारलं, "ही खरंच चालते?" बाजारहाट आम्ही मीना बाजारात आणि करामात करायला लागलो. तिथे घासाघीस चालते. तिथे मी एका अक्षराचंही खोटं न बोलता दर पाडते.

सावंतवाडीतून कुणी मुलं घेऊन नव्याने जाणार असाल तर जूनमध्ये जाऊ नका, सोय असेल तर नोव्हेंबरात जा. मॉलमध्ये शिरल्या शिरल्या एक खूण ठरवा, आणि आपण हरवलो तर कुठे थांबायचं ते मुलांना विचारून घ्या. लाडू न्यायचे तर रव्याचे न्या. आणि स्वेटर इथूनच न्या. आम्ही सुट्टीत गावी आलो तेव्हा तिकडचे तिन्ही इथल्या घरी ठेवलेत, आणि कपाटातले जुने तीन आहेतच. माप बघून घेऊन जा. परत करताना धुऊन द्या.